किरुनाऐवजी किरकी

पौडचा एसटी थांबा. जुलै, सकाळ, आणि पाऊस असा की समोरचं चहाचं हॉटेल दिसत नाही, उकळत्या आल्याच्या वासावरून ओळखायचं. तुमच्या पोटऱ्यांपर्यंत चिखल आहे, कारण लावणी चाललेल्या खाचराच्या बांधावरून जवळची वाट काढायला गेलात आणि बांध खचला. इरल्याखाली वाकलेल्या बायका मान वर न करता हसल्या. हसू द्या. पण त्या कशा वाकल्या होत्या ते नीट आठवून ठेवा: गुडघे सैल, पाठ आडवी, नजर हातभर पुढे. थोड्या वेळानं तुम्हालाही तसंच वाकायचंय.

तुमचा बेत खरं तर भलताच होता. उत्तर स्वीडनमध्ये, ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, किरुना म्हणून लोखंडाच्या खाणीचं गाव आहे. तिथल्या खाणकामगाराचा पोरगा, बोर्ये साल्मिंग, बर्फावरची हॉकी खेळत खेळत पार कॅनडात गेला आणि नाव काढून आला. त्याचं पोरवय बघायचं, ती थंडी अंगावर घ्यायची, म्हणून तुम्ही कानटोपी, हातमोजे आणि दोन स्वेटर असा जामानिमा करून निघालात. मुळशीत जुलैमध्ये स्वेटर घातलेला माणूस बघून थांब्यावरचं कुत्रंसुद्धा दोनदा भुंकलं.

गाडी येते. लालच, पण पाटीवर गावाच्या जागी साल लिहिलंय. टपावर पाऊस ताशासारखा वाजतोय. कंडक्टर चिमटा खटखटवत येतो. तुम्ही ओरडता, "किरुना एक!" तो तिकीट फाडून हातात ठेवतो आणि पुढच्या सीटकडे वळतो. तिकिटावर लिहिलंय: किरकी.

किरकी म्हणजे आपली खडकी. साहेबाच्या जिभेला 'ख' आणि 'ड' दोन्ही एकदम पेलेनात, म्हणून त्यानं तिची किरकी केली. आता भांडून उपयोग नाही, सुटे परत मिळणार नाहीत. बसा खिडकीशी.

पिरंगुटचा घाट उतरता उतरता गंमत सुरू होते. भूगावच्या कार्यालयांचे मांडव गुंडाळले जातात. बावधनच्या इमारती एकेक मजला खाली उतरत जमिनीत जातात आणि त्यांच्या जागी गवत हलायला लागतं. डावीकडे लांब म्हाळुंगे-बालेवाडीची क्रीडानगरी आहे; १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेली, म्हाळुंगे मुळशी तालुक्यातलं, पण लोकांच्या तोंडी नाव मात्र एकट्या बालेवाडीचं. तिकडे बघून तुम्ही हे कुणाला तरी सांगायला तोंड उघडता, तोवर तिथं ज्वारी उभी राहिलेली असते. चांदणी चौकात एकही पूल नाही. पाऊस थांबलाय. ऊन चढतंय. स्वेटर टोचायला लागलाय.

"किरकीऽऽ! चला, उतरा!"

मे महिना, १९८२. दारातून पाय खाली ठेवताच ऊन असं अंगावर येतं की जणू कुणी तव्यावरचं झाकण काढलं. पोटऱ्यांवरचा मुळशीचा चिखल पाच मिनिटांत सुकून त्याच्या खपल्या पडतात. तितक्यात भोंगा होतो. तुम्ही दचकता, इथलं कुणीच दचकत नाही. दारूगोळा कारखान्याचा भोंगा आहे. कारखाना १८६९ पासूनचा, तेव्हा खडकीच्या चार पिढ्या ह्या आवाजावर जेवल्या आणि झोपल्या. फाटकातून सायकली सुटतात. एक नाही, दोन नाही, पूरच. घंट्यांचा किणकिणाट, हँडलला अडकवलेल्या डब्यांचा खडखडाट, ग्रीसचा, घामाचा आणि विडीचा वास. बाजूला व्हा, नाहीतर चाकाखाली जाल.

ह्या सायकलींच्या मागोमाग वसाहतीत शिरा. भाषा ऐका आधी. एका दारात तमिळ, पलीकडे तेलुगू, नळावर मराठीत भांडण, आणि ते सोडवायला आलेला माणूस हिंदीत. नाकालाही तसंच: इकडे भाकरी थापल्याचा थपथप आवाज आणि करपलेल्या पिठाचा वास, तिकडे आंबवलेल्या पिठावर तेल पडल्याचा चर्र. अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांनी तुम्हाला शिंक येते. एक आजी तमिळमध्ये काहीतरी विचारते. बहुधा स्वेटरबद्दल.

काढा आता तो. मैदान आलं.

मैदान म्हणजे काय, तपकिरी पिठाचा परातभर ढीग. पाय ठेवला की धूळ घोट्यापर्यंत उडते आणि बसायचं नाव घेत नाही. एका बाजूला दोन विटा, दुसऱ्या बाजूला एक वीट आणि एक चप्पल: हे गोल. बारा-पंधरा पोरं, बहुतेक अनवाणी. एक गडी कमी पडत होता, तुमच्याकडे बोट दाखवून कुणीतरी म्हणतं, "इसको ले लो, टाइमपास." झालं. तुमची निवड झाली.

हातात काठी येते. जरा निरखून बघा, कारण अशी वस्तू तुम्हाला आता कुठल्या दुकानात मिळणार नाही. तुतीच्या लाकडाची चांगली स्टिक होती ही कधीकाळी, कुणा मोठ्या खेळाडूनं मोडली आणि टाकून दिली. इथल्या पोरांनी ती उचलली, मोडक्या जागी बारीक चूक ठोकली, त्यावर सुतळी आवळली, सुतळीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली. वजन एकीकडे, तोल दुसरीकडे. मूठ दुसऱ्याच्या घामानं काळी, गुळगुळीत झालेली. चेंडूही टाकून दिलेलाच. पांढरा रंग केव्हाच उडालाय, शिवण एका ठिकाणी उसवलीये, आकार गुळाच्या खड्यासारखा.

तुम्ही उभ्यानंच काठी फिरवता. चेंडू जागेवर, धूळ तोंडात. दुसऱ्यांदा लागतो, पण काठीच्या फुगीर बाजूनं, आणि सगळे एकदम ओरडतात, "फाऊल!" ह्या खेळात काठीची एकच बाजू चालते, डावीकडची सपाट. चेंडू डावीकडून उजवीकडे न्यायचा तर मनगट फिरवून काठी उलटी करायची, पुन्हा सुलटी, पुन्हा उलटी, आणि हे पळता पळता. त्यासाठी वाका. लावणीच्या बायका आठवा. गुडघे सैल, पाठ आडवी. आता कमरेत कळ येते ना? ती बरोबर आहे. दहा मिनिटांनी चेंडू एका खड्यावर आपटून उसळतो आणि तुमच्या नडगीवर बसतो. डोळ्यांपुढे पांढरं. कुणी विचारपूस करत नाही; खेळ तुमच्या अंगावरून पुढे गेलेला असतो.

नडगी चोळत बाजूला बसलात ते बरंच झालं. आता त्या एका पोराकडे बघता येईल. तो काळा, काटकुळा, सतत पळणारा. तेराचा आहे, येत्या १६ जुलैला चौदाचा होईल. वडील नागलिंगम ह्या वसाहतीचं मैदान राखतात. आई अंदलम्मा. पाच मुलगे, घरात पैशांची ओढाताण, पण आईनं पाचांपैकी एकालाही स्टिक ठेव म्हणून सांगितलं नाही. ह्याचं नाव धनराज. धनराज पिल्ले. घरात धन म्हणावं तर ते नावात होतं तेवढंच.

चेंडू त्याच्याकडे गेला की आवाज बदलतो. इतरांच्या काठीला चेंडू लागला की ठाक्कन वाजतं आणि मग शांतता. ह्याच्याकडे टिकटिकटिक असा बारीक, अखंड आवाज, जणू शेजारच्या घरात शिवणयंत्र चाललंय. चेंडू काठीपासून चार बोटं सुटत नाही. ह्या पिठासारख्या मातीत लांब पास देऊन बघा: चेंडू निम्म्यात रुतेल, नाहीतर खड्यावर उडेल. मग करायचं काय? चेंडू जवळ ठेवायचा आणि आपणच पळायचं. लोक पुढे त्याच्या वेगाचं आणि ड्रिब्लिंगचं कौतुक करताना रक्तातलं, जन्मजात वगैरे शब्द वापरतील. मला विचाराल तर निम्मं श्रेय ह्या धुळीचं. वाईट मैदानानं त्याला दुसरा पर्यायच ठेवला नव्हता.

उरलेल्या निम्म्याचं नाव मोहम्मद शाहिद. बनारसचा हा फॉरवर्ड धनराजचा देव. त्याचा तो अर्धा ढकललेला, अर्धा मारलेला फटका, समोरच्याला एकीकडे झुकवून दुसरीकडून निघून जाणं. धनराज तेच घोटवतोय, पडतोय, उठतोय, पुन्हा तेच. "ए, पास दे ना यार!" असं त्याच्या बाजूचे ओरडतात. तो देत नाही. हा स्वभाव काही सुटायचा नाही, पुढेही नाही.

तहान लागलीये? कडेच्या नळाला तोंड लावा. पहिलं ओंजळभर पाणी चहाइतकं गरम, मग कोमट, आणि लोखंडाची चव शेवटपर्यंत.

गाडी हॉर्न देते. सहा-सात महिने पुढे चला, त्याच वसाहतीत.

आता हवेत गारवा आहे आणि एका खोलीत चाळीस माणसं आहेत. वसाहतीत टीव्ही मोजकेच. त्यातला एक ह्या घरात, लाकडी सरकत्या दाराच्या पेटीतला, वर क्रोशाचं विणलेलं झाकण. दारात चपलांचा ढीग. दिल्लीत एशियाड चाललंय, हॉकीची फायनल, समोर पाकिस्तान. तुम्हाला जागा मिळालीये ती एका काकांच्या गुडघ्यांमध्ये. खोबरेल तेलाचा, मोज्यांचा आणि कुणाच्या तरी खिशातल्या फुटाण्यांचा वास. वर गच्चीत एक पोरगा अँटेना धरून उभा आहे; चित्राला मुंग्या आल्या की खालून हाकारा जातो, "थोडा लेफ्ट! नाही रे, जास्त झालं!" त्या बिचाऱ्यानं सामना पाहिलाच नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचंच नशीब चांगलं.

पहिला गोल भारताचा. छत उडतं की काय असा आरडाओरडा. मग एक. मग दोन. तीन. चौथ्यानंतर काका फुटाणे खायचं थांबतात. पाचव्याला एक बाई उठून स्वयंपाकघरात जाते. सात होतात. एकास सात. कुणीतरी पेटीचं दार सरकवून बंद करतं, आणि चाळीस माणसं एकमेकांच्या तोंडाकडे न बघता आपापल्या चपला शोधायला लागतात. अंधारात तुमच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला येतात. बाहेर मैदानाच्या बाजूनं टिकटिकटिक ऐकू येतं का, ते मी तुमच्या कल्पनेवर सोडतो.

त्यानंतर सालांची पाटी भराभर फिरते. ऐंशीचं दशक अर्धं सरलंय आणि तुम्ही खडकी स्टेशनावर, हातात पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर दोरीनं बांधलेली स्टिक. मुंबईला जायचं, कारण थोरला भाऊ रमेश तिथं आरसीएफकडून, म्हणजे खत कारखान्याच्या संघाकडून, खेळतो. तो देशाकडूनही खेळून आलाय. जनरलच्या डब्यात उभं राहायलाच जागा. घाटात बोगद्याबोगद्याला पोरं किंचाळतात, कर्जतला खिडकीतून वडा आत येतो, गरम इतका की एका हातातून दुसऱ्या हातात टोलवत खायचा.

आणि मग मुंबई. चेंबूरची ती खत कारखान्याची झणझणीत हवा घशात. संध्याकाळच्या लोकलमध्ये स्टिक घेऊन चढून बघा एकदा! दारातच कुणाच्या तरी बरगडीत घुसते. "ओ, काठी सांभाळा," म्हणत गर्दी तुम्हाला उचलते आणि भलत्याच स्टेशनावर ठेवते. चर्चगेटच्या हॉकी मैदानाशी पोचता तेव्हा शर्टाचं एक बटण कमी झालेलं असतं. पण इथली हवा निराळी. समुद्राचा खारट वारा, कडेला भेळवाला, आणि बाकांवर कचेरीतून सुटलेले लोक, टाय सैल केलेले, खेळाडूंना नावानिशी शिव्या देणारे. मुंबईचा हॉकीचा प्रेक्षक प्रेम करतो ते असंच. कंपन्यांचे संघ इथं एकमेकांशी झुंजतात: रेल्वे, आरसीएफ, महिंद्र. खेळाडू महिन्याचा पगार कंपनीकडून घेतो आणि दुपारनंतर मैदानावर येतो. धनराजला महिंद्रनं उचललं. तिथं त्याला प्रशिक्षक जोकिम कार्व्हालोंनी घडवलं. पुढे डिसेंबर १९८९ मध्ये, दिल्लीच्या आशिया कपात, त्याच्या अंगावर भारताचा शर्ट आला.

एक गोष्ट मात्र तुम्ही स्वतःच्या गुडघ्यांवर अनुभवायला हवी. वाका आणि हात लावा. हिरवं आहे, पण गवत नाही, कात्यासारखं टोचतं. ही टर्फ. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी ह्याच्यावर गेली, आणि माती-गवतावर वाढलेला आपला संघ त्या वर्षी सातवा आला. आधी तिच्यावर पाण्याचे फवारे मारतात. सगळं चिंब. मग चेंडू असा निघतो की तुम्ही मान वळवेपर्यंत पलीकडच्या फळीवर आपटलेला असतो. खडा नाही, धूळ नाही, अडवणारं काहीच नाही. पळायला जाता, घसरता, आणि गुडघ्याचं साल सोलपटून निघतं. पडल्याची जखम नव्हे ही, भाजल्याची. रात्री चादर चिकटते.

ओलं, गुळगुळीत, निर्दयी. हाच तर बर्फ, फक्त वितळलेला. कंडक्टरलाही हे पटतं बहुधा, कारण तो मागे वळून म्हणतो, "पाच मिनिटं थांबतो. बघून या तुमचं ते किरुना."

दार उघडताच नाकातले केस गोठतात. स्वेटर! कुठं टाकलात तो? भर दुपारी अंधार, पायाखाली बर्फ कुरकुरतोय, खाणीचा डोंगर काळा उभा. कुणीतरी अंगणात पाणी ओतून ठेवलंय, रात्रीत त्याचं मैदान झालंय. बोर्ये पाच वर्षांचा असताना त्याचे वडील खाणीतल्या अपघातात गेले. ते सामी, म्हणजे त्या उत्तरेचे मूळचे रहिवासी. ह्यालाही थोरला भाऊ, स्तिग, तोही हॉकीचाच. ओळखीचं वाटतंय? कारखान्याची वसाहत, थोरला भाऊ, ओढाताण. हा पोरगा १९७३ मध्ये टोरांटोला गेला, तेव्हा स्वीडिश खेळाडू म्हणजे भित्रे असं तिकडचे लोक तोंडावर म्हणत, आणि म्हणून मुद्दाम काठ्या घालत. ह्यानं सोळा हंगाम तिथंच काढले. १९८६ मध्ये एकाच्या स्केटचं पातं चेहऱ्यावरून गेलं; दोनशेच्या वर टाके पडले. त्याच्या कितीतरी आधी, १९७६ मध्ये, तो स्वीडनचा शर्ट घालून टोरांटोत उतरला, तेव्हा परक्या संघातल्या ह्या माणसासाठी सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं होतं. तुमची पाच मिनिटं संपली. कान जागेवर आहेत का चाचपा, आणि चढा गाडीत.

धनराजच्या वाट्यालाही परमुलूख आला. लंडनचं इंडियन जिमखाना, फ्रान्समध्ये ल्यों, जर्मनीत स्टुटगार्ट, ढाक्याचं आबाहनी, मलेशिया, हाँगकाँग. आपल्याकडे लावणीला लोक ह्या गावाहून त्या गावाला जातात तसाच मोसम धरून जायचं, काम करायचं, परत यायचं. परक्या गावातल्या छोट्या खोल्या, न कळणाऱ्या भाषेतले बसचे फलक, आणि मैदानावर एकदा चेंडू मिळाला की सगळं ओळखीचं. मधल्या काळात देशासाठी तीनशे एकोणचाळीस सामने. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार एशियाड, चार चॅम्पियन्स ट्रॉफी. आकडे एवढे नीट बसणारे की कुणी मुद्दाम रचलेत असं वाटावं.

ते सगळे बघायला तुमच्याकडे तिकीट नाही. दोनच थांबे घ्या.

बँकॉक, डिसेंबर १९९८. हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटलेली. एशियाडची फायनल, समोर कोरिया, एक-एक बरोबरी, आता पेनल्टी स्ट्रोक. भारताला एशियाडमधलं हॉकीचं सुवर्ण शेवटचं मिळालं होतं ते ह्याच शहरात, १९६६ मध्ये. बत्तीस वर्षं झाली. तुमच्या शेजारच्या माणसानं तुमचंच मनगट धरलंय आणि त्याला ते माहीत नाही. गोलरक्षक आशिष बल्लाळ दोन्ही हात पसरून उभा. अडवतो. पुन्हा अडवतो. मग तुम्हाला काहीच दिसत नाही, कारण सगळे तुमच्या पुढे उभे आहेत. ऐकू फक्त येतं. कर्णधार धनराजच आहे. घरी परतल्यावर पुढचा संघ जाहीर झाला त्यात त्याचं नाव नव्हतं, पण ते कचेरीतल्या लोकांचं प्रकरण, त्या गल्लीत आपली गाडी जात नाही.

दुसरा थांबा सिडनी, २००० चं ऑलिंपिक. ह्यावेळी मनगट कुणी धरत नाही. पोलंडला हरवलं की उपांत्य फेरी. भारत एका गोलनं पुढे, घड्याळात मिनिटं उरलेली मोजकीच. आणि पोलंडचा गोल. इतका साधा की तो झाल्याचं कळायला वेळ लागतो. शिट्टी वाजते. धनराज रडतोय. पडद्यामागे जाऊन नव्हे, तिथंच, सगळ्यांदेखत, खडकीतलं पोरगं लास्ट गोल खाल्ल्यावर रडतं तसं. आपल्या माणसांना असं रडलेलं आवडत नाही, मोठ्या खेळाडूनं तोंड घट्ट ठेवावं म्हणतात. मला तो तेव्हाच सगळ्यात जास्त कळला.

गाडी परत वळते. पौडला सोडायचंय तुम्हाला, पाऊस वाट बघतोय. पण वाटेत किरकी लागतेच, आणि कंडक्टरला चहा प्यायचाय.

तोच मे, तीच संध्याकाळ. ऊन उतरलंय, धूळ सोनेरी झालीये. वसाहतीत चुली आणि स्टोव्ह पेटलेत, रॉकेलचा वास मैदानापर्यंत आलाय. दारादारांतून आया हाका मारतायत, चार भाषांत, आणि चारही भाषांत पोरांना ऐकू येत नाहीये. एक मैदानराख्या फक्कीचा डबा घेऊन वाकून रेघ मारत चाललाय. उद्या मोठ्यांचा सामना असणार. तो दहा पावलं पुढे जातो न जातो, तोच मागून पोरांची धाड त्या रेघेवरून जाते आणि पांढरी पूड धुळीत मिसळते. तो वळून बघतो, काही बोलत नाही, परत मागे येतो आणि तीच रेघ पुन्हा मारायला घेतो.

रस्त्यावर हॉर्न वाजतो. एकदा. दोनदा. कंडक्टर दारात उभा राहून चिमटा खटखटवतोय.

तेवढ्यात तो काटकुळा पोरगा पहिल्यांदाच मान वर करतो आणि चेंडू चक्क तुमच्याकडे सारतो. नडगी ठणकतेय. वाका. कंडक्टरला हातानंच थांबायची खूण करा. लास्ट गोल चाललाय.